दह्याने पारखलेली झोळी

मी एक जुनी झोळी आहे. हिमालयातल्या हिमवादळातही माणसाच्या पाठीला ऊब द्यावी, या थोर हेतूने माझ्या जातीचा जन्म झाला. मित्रांनो, हिमालय मी पाहिलेला नाही. कनेरगाव नाक्याजवळच्या एका हरभऱ्याच्या वावरात, लिंब आणि बाभूळ यांच्या मधोमध, जमिनीपासून दोन हात उंचीवर माझं आयुष्य गेलं. त्याहून उंच मला कोणी बांधलं नाही, कारण त्याहून उंच तातेरावांना चढता येत नसे.

तातेराव म्हणजे वावराचे मालक. हरभऱ्याला घाटे धरले की रोही, म्हणजे नीलगायी, येतात. घोड्याएवढी ही जनावरं उडी मारून आत शिरतात आणि पंगतीला बसल्यासारखी निवांत जेवतात. म्हणून रात्रभर जागल करावी लागते. ऐन जवानीपासून तातेराव दर हिवाळ्याला मचाणावर जागलीला जात. मग त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चढायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे मचाण गेलं, भुई गेली आणि खांद्यावरून न्यायची बाजही गेली.

"बाबा, औंदा जागलीला गडी ठेवतो," त्यांचा मुलगा भागवत म्हणाला. "तुमी घरी झोपा."

"घरी झोपून काय करू?"

"झोपून काय करतेत? झोपायचंच असते."

तातेराव उठले. ओसरीवर वावराकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच बसले. चहा आला, गार झाला, परत गेला. ज्या माणसाला आपलं काम गेल्याचं कळलेलं असतं, त्याला चहा गार झाल्याचं कळत नाही.

भागवत पिकअप चालवतो. एकदा नाक्यावरच्या ढाब्यावर त्याने एक सायकलवाला पाहिला. सायकलवरून देश बघायला निघालेल्या त्या गृहस्थाने पिशवीतून मूठभर कापडाचं गाठोडं काढलं, दोन झाडांना बांधलं आणि आत शिरून घोरू लागला. ढाब्यावरचे लोक हसले. आपल्याकडे झोळीत लेकरू झोपतं, आणि तेही आई वावरात निंदायला गेली तर. दाढीमिशीवाला माणूस झोळीत, हे त्यांना बघवेना. भागवतने मात्र मोबाइलवर सगळं टिपून घेतलं आणि घरी बायकोला दाखवलं.

त्याची बायको संगिता गावातल्या अर्ध्या बायांचे ब्लाऊज शिवते. तिने ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "येते मला. कापड आणा."

हिंगोलीहून जाकिटाच्या अस्तराचं पातळ नायलॉन आलं. पिकअपचे माल बांधायचे पट्टे झाडांना गुंडाळायला मिळाले. वजनाची काळजी अशी की धाग्याच्या गाठीसुद्धा तिने आखूड कापल्या, कारण मला रोज तातेरावांनाच उचलून न्यायचं होतं. राहिलं फक्त माप. आणि इथेच पेच होता.

या घरात सून सासऱ्यासमोर पदर पुढे ओढते आणि थेट बोलत नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नाही; काही सांगायचं असलं तर म्हशीकडे बघून बोलतो. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, म्हणून तो मोडायची परवानगी कोणाकडे मागावी तेही ठाऊक नाही. अशा घरात सासऱ्याच्या उंचीला टेप कोण लावणार? संगिताने तातेरावांच्या बाजेचं माप घेतलं. माणूस रोज जिच्यावर झोपतो, ती त्याच्या मापाचीच असणार. हुशारीचं काम होतं. चुकीचंही होतं, पण ते पुढे कळेल.

दुसरी चूक याहून मोठी, आणि ती तिच्या माहेरच्या वळणाची होती. माझ्या पोटात ऊब राहावी म्हणून तिने घरचा कापूस भरला आणि गोधडीला घालतात तसे टाके घातले. जितके दाट टाके तितकी गोधडी चांगली, हे ती आजीकडून शिकली होती. माझ्यावर तिने असे टाके घातले की शेजारच्या बाया बघायला आल्या. "माय, काय टाके हायेत! लग्नात द्यावी अशी हाय." मीही फुगले. खरं तर फुगायलाच हवं होतं, पण टाके फुगू देत नव्हते. कापूस पापडासारखा दाबला गेला होता.

माझी पहिली परीक्षा हळदीच्या पोत्याने घेतली. पोतं माझ्यात झोपवलं, सकाळी उठवलं. पट्टे सरकले नाहीत, शिवण उसवली नाही, आणि पोत्याची काही तक्रार नव्हती. मी पास झाले.

मग तातेराव आले. आधी "आता झोळीत घालता व्हय मला? अंगाईबी म्हना," असं म्हशीला म्हणाले. पण मला पिशवीत घालून काखेत मारली तेव्हा त्यांची चाल बदलली. किती दिवसांनी ते वावराच्या दिशेने चालत होते.

सकाळी ते घरी आले आणि बायकोला, आशाबाईंना म्हणाले, "पाठ गार पडती. कमरंखाली बरफ ठेवल्यावानी. सांग तिला."

आशाबाई स्वयंपाकघरात गेल्या. संगिता भाकरी थापायची थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनले मामा?"

"लई बरं वाटलं म्हनतेत," आशाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, आशाबाई खोटं बोलणाऱ्या नव्हेत. पण पोरीने डोळे फोडून टाके घातले होते, तिचं तोंड पडलेलं त्यांना बघवणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तातेराव म्हणाले, "आजबी गार." स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचं "आजबी झ्याक" झालं. तिकडे तातेरावांना वाटायचं, एवढं सांगूनही सून ढिम्म आहे. इकडे सुनेला वाटायचं, आपल्या हातात जादू आहे. आणि मधे मी, गारठलेली, तोंड नसलेली.

मग तातेरावांना खोकला लागला. भागवतने एका गड्याला सांगून ठेवलं. "सोमवारपासून येईन म्हनला तो. बास झालं आता बाबायचं."

तातेराव परत ओसरीवर जाऊन बसले. संगिताने चहा ठेवला, तो गार झाला. ती तिथेच खांबाआड उभी राहून खोकला ऐकत होती. झ्याक झोपणारा माणूस एवढा का खोकतो, हे तिला उमगेना. विचारावं तर सासरे. सासूला विचारावं तर उत्तर ठरलेलं. तिला असा कोणी हवा होता जो माझ्यात झोपेल आणि कोणाची भीडमुर्वत न ठेवता खरं सांगेल.

संध्याकाळी तिने दूध कोमट केलं, गाडग्यात विरजण लावलं आणि ते गाडगं अंगणात बांधलेल्या माझ्या कुशीत ठेवलं. वरून घोंगडी पांघरली. थंडीत ऊब मिळाली तरच दही लागतं. दह्याला सासरा-सून ठाऊक नसतात.

सकाळी आशाबाईंनी गाडगं कलतं केलं. दूध डचमळलं.

"अगं, काहून इथं ठेवलंस? चुलीपाशी ठेवायचं सोडून! वाया गेलं की दूध."

संगिता गाडग्याच्या बुडाला हात लावून उभी होती. "वरून घोंगडी हाय, म्हून वरून ऊन हाय. बूड गारढोण हाय, आत्याबाई. मामाची पाठ अशीच राहत असंल." तिचा आवाज बारीक झाला. "ते खरंच झ्याक म्हनले का?"

आशाबाईंनी पदराने उगाच गाडगं पुसलं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून गार म्हनून राहिले. तुला कसं सांगू, माय? येवढे टाके घातलेस तू."

संगिता रडेल असं मला वाटलं. तिने कात्री आणली. ज्या टाक्यांना गाव बघायला आलं होतं, ते तिने एकेक करून उसवले. अंगाखाली दबला की कापूस थंड, हे गाडग्याने शिकवलं होतं. म्हणून तिने उबेचा थर माझ्या पाठीमागे वेगळा, सैल लोंबता ठेवला, अंगाचा भार त्यावर पडणारच नाही असा. टाके चार बोटांवर एक. आजीने पाहिलं असतं तर गोधडीची अब्रू काढली म्हणाली असती.

पण घरचा कापूस जड, गोळे होणारा. तेव्हा आशाबाई आत गेल्या आणि लग्नात आणलेली सावरीच्या कापसाची उशी घेऊन आल्या. "हे घे. फुंकरीनं उडते."

"आत्याबाई, तुमच्या डोक्याखाली काय घ्याल?"

"हात हाय की."

सावरीचा कापूस माझ्यात भरला आणि मला पहिल्यांदा श्वास आला. त्या रात्री पुन्हा माझ्या कुशीत ठेवलेलं दही असं लागलं की गाडगं उपडं केलं तरी हललं नाही. रविवारी जेवताना तातेराव म्हशीला म्हणाले, "दही गोड हाय आज," आणि आशाबाईंनी या वेळी निरोप जसाच्या तसा पोचवला. मग त्या म्हणाल्या, "अवो, आज एकडाव जाऊन बघा. उद्यापासून गडी हायेच."

ते गेले. सोमवारी उन्हं वर आली तरी घरी परतले नाहीत. भागवत घाबरून वावरात धावला. मागून संगिता आणि धापा टाकत आशाबाई. मी लिंबाखाली संथ हलत होते. आत तातेराव तोंड उघडं टाकून घोरत होते आणि त्यांचे दोन्ही पाय माझ्या बाहेर, उन्हात पडले होते.

चाहूल लागून ते उठले. समोर संगिता होती. ती पदर ओढणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पोरी, पाय भाईर राहतेत."

तिथे म्हैस नव्हती. संगिताने मागे वळून पाहिलं; मागे आशाबाई होत्या, पण त्यांना कोणी पोरी म्हणत नसे.

"मामा, बाजंच्या मापानं शिवली," ती म्हणाली.

"बाजंतबी भाईरच राहतेत. पस्तीस-चाळीस साल झाले."

"मग सांगायचं की!"

"कोणाला?"

आशाबाई बांधावर बसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. त्याच दिवशी माझ्या पायथ्याला हातभर तुकडा जोडला गेला. तो अजून वेगळ्या रंगाचा दिसतो.

मित्रांनो, आता माझं नायलॉन विरलं आहे, तरी हिवाळा आला की तातेराव मला काखेत मारून निघतातच. तुमच्याकडे अशी कोणी असेल तर तिला ओली घडी घालू नका, उन्हात वाळवा, तिच्यावर वजन रचू नका. दबलेल्या कापसात ऊब राहत नाही. आणि पाठ गार पडत असेल तर जिने शिवलं तिलाच सांगा. तिला वाईट वाटेल, पण ती कात्री आणेल.

गडी मात्र शेवटी ठेवला नाही. भागवतने तारेचं कुंपण घातलं. कारण मी उबदार निघाले त्या पहिल्या रात्री तातेरावांना गाढ झोप लागली आणि रोह्यांनी अर्धा हरभरा खाल्ला.