पत्राखालची ओळ

शिपायाने यादीवरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं आणि मान हलवली.

"तुमचं नाव नाही, बाई."

"असं कसं? सख्खी बहीण आहे मी. आधीच्या तुरुंगात चार वर्षं दर महिन्याला जात होते."

"ते तिकडचं. इथे बदलून आलेल्याला पहिले दोन महिने एकच माणूस भेटतो. कोण, ते कैदीच लिहून देतो." त्याने यादी तिच्याकडे फिरवली. "यांना घेऊन या."

भावाच्या तिरप्या अक्षरात तिच्या नवऱ्याचं नाव होतं आणि नात्यापुढे 'दाजी'.

दाजी बाहेर गाडीत बसले होते. इथवर बस येत नाही म्हणून सहा तास गाडी चालवून त्यांनी तिला आणलं होतं, पण फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही, हे निघतानाच बजावलं होतं. मेहुण्याने त्यांच्याच गॅरेजमध्ये चोरीचा माल लपवला होता. पोलिसांनी तीन दिवस गॅरेज उलथंपालथं केलं आणि वीस वर्षांची गिऱ्हाइकं समोरच्या फुटपाथने जायला लागली. त्यांचा राग रास्तच होता, असं तिलाही वाटायचं. तरी भावाला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली ती एक ओळ घालायची: दाजी तुझी चौकशी करत होते. पत्र थोडंच नवरा वाचणार होता! पण खोटं एकदा पचलं की हात सैल सुटतो. ओळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. शेवटच्या पत्रात तर दाजींनी त्याला सुटल्यावर गॅरेजमध्ये कामही देऊन टाकलं होतं.

ती गाडीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"अहो, आत तुम्हाला बोलावलंय. मला नाही."

"मला? डोकं फिरलंय का त्याचं?"

"त्याचं नाही, माझं फिरलं होतं." तिने सगळं सांगितलं. लाजेने तिला वर बघवत नव्हतं. "दर पत्रात तुमच्या नावाने लिहीत गेले. तुम्ही नाही गेलात तर दोन महिने त्याला कुणीच भेटणार नाही. नवी जागा, ओळखीचं एक माणूस नाही."

"म्हणजे चार वर्षं मी त्याच्याशी बोलतोय, आणि मलाच पत्ता नाही."

"चुकलं माझं."

त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. मग उतरले, दार आपटलं आणि तिच्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागले. ती मागोमाग गेली.

त्यांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, मोबाइल शिपायापुढच्या डब्यात टाकला. अंगझडती झाली. आतलं दार उघडलं तसे ते थांबले आणि मागे वळले.

"उभी काय राहिलीस? पटकन सांग, आजवर मी त्याला काय काय म्हणालोय?"