लुसेरोचं म्हणून दिलेलं करडू

माझ्या लुसेरो बोकडाच्या लेकी पहिल्याच वेताला तीन-तीन लिटर दूध द्यायच्या. त्याचं करडू मिळावं म्हणून ग्रानादाच्या डोंगरातले लोक माझ्या दारात थांबत. अंगुस्तियास तर शेजारीण, शाळेपासूनची. नवरा गेल्यावर चाळीस शेळ्या ती एकटीच सांभाळत होती. तिच्या मोरो बोकडाच्या लेकी अगदीच कमी दुधाच्या निघाल्या, तेव्हा तिनं मोरोला खाटकाकडे धाडलं आणि माझ्याकडून एक नर करडू नेलं.

त्या करडाची आई, माझी पालोमा, माजावर आली त्या दिवशी हाच मोरो कुंपण मोडून आत शिरला होता. शिंगं धरून मी त्याला ओढलं, पण उशीर झाला होता. नंतर तिला लुसेरोकडेही नेलं आणि वहीत बाप म्हणून लुसेरोचंच नाव लिहिलं. करडू उभं राहिलं तेव्हा समोर हुबेहूब मोरो होता. तरी मी ते लुसेरोचं म्हणूनच दिलं, आणि अंगुस्तियासनं दिसण्यापेक्षा माझ्या वहीवर विश्वास ठेवला.

दोन वर्षांनी त्या बोकडाच्या लेकी व्यायल्या. मोरोच्या लेकींवर मोरोचाच लेक! दूध आणखी आटलं.

"चाऱ्यात काही चुकतंय का रे माझं?" अंगुस्तियासनं विचारलं.

"जव वाढवून बघ," मी म्हणालो. तोंड वर करून म्हणालो!

वर्षभर ती पाठीवरून जवाची पोती वाहत राहिली.

मग शेळीपालक संघाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बोकडांचे केस वंशतपासणीला नेले. बैठकीत त्या म्हणाल्या, "अंगुस्तियासच्या बोकडाचा बाप लुसेरो नाही."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. अंगुस्तियास ताडकन उठली, माझ्याकडे हात करून म्हणाली, "तुमच्याकडेच केसांची अदलाबदल झाली असेल. एवारिस्तो असलं करायचा नाही. मी ओळखते त्याला."

मला मान वर करता येईना.

संध्याकाळी ती धार काढत होती, तिथं जाऊन सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"जव वाढव म्हणालास, तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"आणि आज सगळ्यांपुढे मी..." तिनं बादली उचलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी संघात जाऊन खोटी नोंद कबूल केली. माझ्या सगळ्या करडांची तपासणी होईपर्यंत विक्री बंद झाली. ते रास्तच होतं. लुसेरोचं खरं करडू, तपासणीच्या कागदासकट, मी तिच्या दारात नेऊन उभं केलं. तिनं कागद ओळन् ओळ वाचला, करडाला आत घेतलं.

"ठीक आहे. तुम्ही निघा आता," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत ती मला कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती.