चार शेंब्या

दिवाळी झाली की आमचा तांडा रिकामा होतो. ट्रक येतात, भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढतं आणि ऊसतोडीला निघून जातं. मागे उरतात कुलपं, कुत्री आणि ज्यांच्यानं कोयता उचलवत नाही अशी माणसं. यंदा त्या माणसांत माझा बा होता, कारण त्याचा गुडघा गेला होता. आणि मी होते, कारण मला माघात हिमाचलातल्या एका बर्फाच्या शिखरावर जायचं होतं.

याडी, म्हणजे माझी आई, ट्रकमधून ओरडली होती, "नीता, बाले दोन टाइम भाकर देत जा! मंग चढ कुठं चढायचं तं!" सगळा ट्रक हसला होता. त्यानंतर तांड्यात हसणंच ऐकू आलं नाही.

बा तसा अबोल. आमचे बैल होते तेव्हा तो निदान त्यांच्याशी बोलायचा. पोळ्याच्या आधी आसपासचे लोक आपले बैल घेऊन त्याच्याकडे यायचे, कारण शिंगं साळावीत तर अमरसिंगनंच, असं म्हणत. कानशीनं टोकं गोल करायची, काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, हिंगूळ लावायचा आणि टोकांवर पितळी शेंब्या बसवायच्या. गर्दीत कोणाला शिंग लागू नये म्हणून. गुडघा गेला, बैल विकले, पण त्यांच्या चार शेंब्या बानं दारामागच्या खिळ्याला टांगून ठेवल्या. पोळ्याला चिंचेनं घासून परत तिथंच टांगायचा. कोणी हात लावलेला त्याला खपत नसे.

आणि मी? मी बोलायला माणूस नाही म्हणून बुटांशी बोलत होते. खरंच. पुण्याच्या एका ताईनं तिचे जुने बर्फातले बूट मला दिले होते. आता त्यांच्याखाली बांधायला क्रॅम्पॉन हवे होते, म्हणजे लोखंडी दाते असलेली चौकट. गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाच्या वेळी संस्थेनं दिले ते बांधले होते. आता निवड माझी होती, आणि मानोऱ्यात, आमच्या तालुक्याच्या गावात, कोणाला विचारणार? मोबाइलच्या दुकानात एकदा नाव काढलं तर तिथला शहाणा म्हणाला, "त्यापरीस पेरणीचं पाह्य ना व." उंटावरचे शहाणे काय, सगळीकडे असतात.

आमच्या मोहिमेची प्रमुख तनुजाताई. तिनं फोनवर बजावलं होतं, "बेस कॅम्पला मी सगळ्यांचे क्रॅम्पॉन तपासणार. ज्याचे चालण्याजोगे नसतील, तो तंबूत बसून बाकीच्यांचा चहा करेल." दोन जोड तिनंच पाठवले. एक निवडायचा आणि दुसरा लगेच परत करायचा, तो टीममधल्या पवनला लागणार होता.

मी दोन्ही जोड अंगणात मांडले. एक अॅल्युमिनियमचा, दहा दात्यांचा, इतका हलका की मन तिकडेच ओढ घ्यायचं. दुसरा पोलादी, बारा दात्यांचा, पुढे दोन दाते चोचीसारखे बाहेर आलेले. माझ्या बुटांना टाचेला खाच होती, पुढे नव्हती, त्यामुळे पुढे पट्टा आणि मागे खटका असलेलाच जोड हवा होता. दोन्ही तसेच होते. लांबी जुळवली. पट्टा न आवळता बूट उचलून हलवला. असा हलवूनही क्रॅम्पॉन गळून पडला नाही तर तो बुटाला बसला, असं शिकवलेलं. दोन्ही बसले. आता काय करावं?

बा बाजेवरून बघत होता. "दाताळं होय का व हे?"

"नाई बा. बरफात पाय घसरू नये म्हून."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. कधीच विचारत नसे. मी कुठे जाते, किती उंच, कोणाबरोबर, काही नाही. मला त्याचा रागच यायचा. सगळा तांडा सोडा, घरातल्या एका माणसानं तरी विचारावं ना!

शेवटी मी पोलादी जोड घेतला. आमच्या वाटेवर वरच्या अंगाला निबर बर्फ होता. तिथे पुढचे दाते रोवून चढायचं, आणि हलक्या धातूचे दाते तिथे वाकतात. "हाच," मी मोठ्यानं म्हणाले, आणि हलका जोड खोक्यात घालून मानोऱ्याला कुरिअर करायला निघाले.

परत आले तर बा अंगणात बसलेला. मांडीवर पोतं, पोत्यावर माझा क्रॅम्पॉन, हातात कानस. चेहऱ्यावर पोळ्याच्या आदल्या दिवसाचा आनंद. दोन्ही पायांचे मिळून पुढचे चारही दाते त्यानं सुरेख गोल करून ठेवले होते. बोट फिरवलं असतं तर गुळगुळीत लागलं असतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बा! काय केलं हे!"

"टोकं पाह्यले ना, केवढाले होते? पडली बिडली तं तुह्याच पोटात घुसन. साळून देल्ले."

"बैल हाय का मी? टोक नसन तं बरफ धरन कसा? आता मले खालीच बसवतीन!" मी रडायला लागले. रडता रडता मनातलं तोंडात आलं. "तुले माह्यं जाणंच नको हाय!"

तो कानशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको हाय."

माझं रडणं थांबलं.

"तू गेली का मी कोणाशी बोलू? कुत्र्याशी? याडी तिकडं, तुहा भाऊ तिकडं. तू निदान भांडते तं."

मागे राहिलेली एक कोंबडी पडवीतून गेली. तिच्याकडे बघण्याचं निमित्त दोघांनाही पुरलं. मला त्याची दया आली आणि स्वतःचीही आली. एकाच घरात दोघं जण एकेकटे बसलो होतो, आणि मला वाटत होतं की एकटी फक्त मी आहे.

मग त्यानं विचारलं, "बरफ कसा असते व?"

पहिल्यांदाच विचारलं. मी नाक पुसलं. "सकाळी मुरमावानी. कुदळ मारली तरी ठणकन वाजन असा. दुपारी ऊन लागलं का मंग आपल्या काळ्या मातीवानी. पायाखाली गोळे धरते."

"मुरमाले तं टोक लागनच," तो म्हणाला. जणू आधी सांगितलं नाही ही माझीच चूक! "फोटू हाय का, पयले कसं होतं त्याचा?"

फोटो होता. मोबाइल मी त्याच्या पुढ्यात धरला. वेल्डिंगच्या दुकानात मशीनवर घासलं तर पोलाद तापून कच्चं पडतं, तेव्हा हातानंच करायचं होतं. दुसरा सगळा दिवस बा कानस चालवत होता आणि मी क्रॅम्पॉन दाबून धरून बसले होते. दाते किंचित आखूड झाले, पण टोक आलं. हात चालू असताना तो विचारत होता. तिथं झाडं असतात का? भाकर कशी भाजता? दोर कोणाले बांधता? मी सांगत होते. इतकं आम्ही आयुष्यात बोललो नव्हतो.

निघायच्या दिवशी सामान त्यानंच पिशवीत भरलं. फाट्यावर जीप आली. तो फक्त "हं" म्हणाला आणि लंगडत तांड्याकडे वळला.

बेस कॅम्पला तनुजाताई एकेकाचं सामान उघडायला लावत होती. माझी पाळी आली. मी क्रॅम्पॉन काढले आणि ती म्हणाली, "हे पितळेचं काय बसवलंयस?"

पुढच्या चारही दात्यांवर चार शेंब्या होत्या. हलू नयेत म्हणून आत चिंध्या कोंबलेल्या. चिंचेनं घासून लख्ख केलेल्या.

"शेंब्या," मी म्हणाले. ताईनं एक काढली, दात्यावर अंगठा टेकवला आणि लगेच उचलला. "टोक छान आहे. कोणी काढलं?"

"बानं."

शिखर चढलो त्या सकाळी बर्फ मुरमासारखाच निबर होता. लाथ मारली की दाते कच्चकन आत जायचे आणि पाय थांबायचा. दोरावर पुढे माणूस, मागे माणूस, तरी तिथे ज्याचा तो एकटाच असतो. शेंब्या माझ्या खिशात होत्या. वर पोचल्यावर सगळ्यांनी फोटो काढले. मला मात्र रिकाम्या तांड्यातली एक बाज दिसत होती.

खाली उतरल्यावर रस्त्याच्या गावात रेंज आली. बानं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"धरलं का व?"

"धरलं, बा. चारी दात्यांनी धरलं."

तो हसला असावा. मी म्हटलं, "शेंब्या हायेत माह्याजवळ. हरवल्या नाईत."

"शेंब्याचं काय नाई व," बा म्हणाला. "दार लावलं का तो खिळा रिकामा दिसून राह्यला. लवकर ये."