बोटातली सहा हाडं

शिवप्रिया रत्नागिरीला समुद्रातल्या प्राण्यांचं शास्त्र शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत सोनारीजवळच्या आपल्या गावी येताना तिनं पॉरपॉइजच्या एका पराची हाडं आणली होती. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनच्या नात्यातला, चोच नसलेला लहान प्राणी. हा किनाऱ्यावर मेलेला सापडला होता, आणि वनखात्याच्या परवानगीनं कॉलेजनं तो चिरला होता. दिसायला मासा, पण पिलाला दूध पाजणारा. पराच्या आत दंड, मनगट, पाच बोटं, सगळं मिळून वीतभर. हाडं तिनं गच्चीवर वाळत घातली होती.

दुपारी कुत्र्यानं ती पळवली आणि पारापाशी टाकली. कुत्रं शिवप्रियाच्या गच्चीवरून उतरताना शेजारच्या सिद्धम्मानं पाहिलं होतं. जवळ जाऊन बघते, तर वाळक्या शिरांनी जोडलेला लहान लेकराचा हात. वीस दिवसांपूर्वी कोंडीरामची तीन वर्षांची सोनाली तापानं गेली होती. तिला ओढ्याकाठी पुरलं होतं. सिद्धम्माच्या तोंडून भानामती हा शब्द निघाला आणि घटकाभरात शिवप्रियाच्या दारात पन्नासेक माणसं जमली.

तिचे वडील राजशेखर दुकानातून बाहेर आले. काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. कोंडीरामनं फावड्याचा दांडा त्यांच्या कानावर घातला. दुसरा घाव त्यांनी हातावर झेलला, तेव्हा कोपराचं हाड मोडल्याचा आवाज दारातल्या सगळ्यांनी ऐकला. ते पडले तरी लाथा थांबल्या नाहीत. शिवप्रियाच्या आईनं, पार्वतम्मानं, नवऱ्यावर अंग टाकलं, तर तिला केसाला धरून नालीपर्यंत फरफटत नेलं.

शिवप्रिया ती हाडं हिसकावून घेऊन ओरडत होती. माणसाच्या बोटात तीन हाडं असतात, या बोटात सहा आहेत, मोजून बघा, असं ती सांगत होती. कुणीतरी तिच्या तोंडावर ठोसा मारला. हाडं खाली पडली आणि बुटाखाली चुरली.

रक्त थुंकून ती कोंडीरामसमोर उभी राहिली.

"काका, ओढ्याला चला. खड्डा उकरा. सोनालीचा एक जरी हात नसला, तर मला तिथंच गाडा."

कोंडीरामनं दांडा खाली घेतला.

खड्डा त्यानं एकट्यानं उकरला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वास सुटला तशी माणसं नाकाला गमजे लावून मागं सरली. तो आत उतरला, कापड सोडलं, फ्रॉकची एक बाही चाचपली, मग दुसरी.

"हायेत," तो म्हणाला. "दोनी हायेत."

सिद्धम्मा सगळ्यात आधी निघाली. मग एकेक करून बाकीचे पांगले. कोंडीराम खड्ड्यातच बसून राहिला. त्याची बायको अनसूया धावत आली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. खाली बघून तिनं मूठभर माती उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली.

"निजलेली लेक उघडी केली तुमी."

राजशेखर बारा दिवस बार्शीच्या दवाखान्यात होते. डावा कान कायमचा गेला, हात वाकडाच जुळला. जबाब घ्यायला फौजदार आले तेव्हा राजशेखरांनी मुलीला जवळ बोलावलं. कोंडीरामचं नाव सांगू नको, त्याचं लेकरू गेलंय, असं ते म्हणाले.

शिवप्रियानं पार्वतम्माकडं पाहिलं. डोक्यावर जिथले केस उपटले होते, तिथं पदर ओढून ती बसली होती.

पहिलं नाव शिवप्रियानं कोंडीरामचंच सांगितलं.