एका घासाची वाट

ईश्वराच्या रचनेत तसूभरही चूक सापडायची नाही, असं नंदकुमार मास्तर राजपुऱ्यातल्या शाळेत दर वर्षी भूगोलाच्या पहिल्या तासाला सांगत. चुका करायला सरकार आहे. छप्पन साली राज्यांची फेरजुळणी झाली, तेव्हा भिंतीवरचा नकाशा त्यांनी मुकाट्यानं बदलला. मत बदललं नाही.

ईश्वराची चूक मात्र त्यांच्याच घरात जेवत होती. फार सावकाश.

त्यांची बायको कमल एक घास गिळेपर्यंत जावांची अर्धी भाकरी संपे. बायकांच्या पंगतीची रीत अशी, की सासूबाईंनी, म्हणजे धुरपदाबाईंनी, तांब्या घेऊन ताटात हात धुतले की पंगत उठली. पुढे कुणी घास घ्यायचा नाही. अकरा वर्षं कमल अर्ध्या ताटावरून उठत होती.

"काय गं, जेवतेस का जप करतेस?" धुरपदाबाई विचारत. कमल नुसती हसे. तोंडात घास असे.

यंदा केळंसुद्धा अडकू लागलं. मास्तरांच्या मनात 'गाठ' हा शब्द शिरला. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. फक्त वर्गात दोनदा तापी पूर्वेकडे वाहवली.

शेवटी कमलला जळगावला नेलं. पांढरं औषध पाजून फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला.

"ही खाच बघा. उजव्या हाताकडे जाणारी धमनी हृदयाजवळ डावीकडूनच निघालीय. मग अन्ननळीच्या मागून उजवीकडे जाते, नळी दाबली जाते. जन्मापासूनचं आहे."

"म्हणजे गाठ?"

"गाठ नाही."

"मग औषध?"

"सावकाश जेवू द्या."

परतीच्या गाडीत मास्तरांनी चष्मा चारदा पुसला. घरी पाटीवर चित्र काढलं.

"माय, शेजारच्या घरी जायला तू पार तिकडच्या गावावरून, शाहपूरवरून गेलीस, असं समज."

"मला कोण नेईल तिकडून?"

"ईश्वर."

"म्हणजे चुकला म्हण की!"

संध्याकाळी पंगत बसली. जावांची ताटं रिकामी झाली. धुरपदाबाईंनी सवयीनं तांब्या उचलला आणि तसाच मांडीवर धरून बसल्या. बोटांवरचं वरण वाळलं. जेवून दारात उभे असलेले मास्तरही हलले नाहीत.

"जेव गं सावकाश," धुरपदाबाई म्हणाल्या. "आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

कमलनं शेवटचा घास घेतला. तिचे डोळे भरून आले. ते बघून सासूचेही आले, जावांनी पदर लावले, मास्तरांनी चष्मा काढला.

कमलनं छातीवर हात ठेवला.

"आत्याबाई," ती कशीबशी म्हणाली, "तो तांब्या द्या ना इकडे. घास अडकलाय."