दाखवायचं घर

पेणचं आमचं घर आठ महिने विकलं जात नव्हतं, आणि ते विकायची युक्ती माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यात मोठी चूकही माझीच आहे.

बाबा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. पूर्वी पेणहून रोज पॅसेंजरने ये-जा करायचे. मग पंच्याण्णव साली, मे महिन्याच्या सात तारखेला, माझ्या मोठ्या बहिणीचं, नमिताताईचं लग्न ठरलं होतं, आणि तीन दिवस आधी कळलं की हरेशने, म्हणजे नवऱ्या मुलानेच, पनवेलला दुसऱ्या मुलीशी रजिस्टर लग्न करून टाकलंय. दारातला मांडव आदल्याच दिवशी घातला होता. तो उतरवताना आई आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. जूनमध्ये आम्ही रोह्याजवळ वरशाला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आईने पेणच्या त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

म्हणजे घर बघायला कोणी आलं की उघडायला जायचं कोणी? बाबांची शिफ्ट, माझी शाळा. जायची ती ताईच. सकाळच्या एसटीने पेणला, समोरच्या फ्लोराबाईंकडून चावी घ्यायची, दारं-खिडक्या उघडायची, आलेल्या माणसांना हिंडवून दाखवायचं. आळीतल्या बायका दारात यायच्याच. तुझं कुठं जमलं का, असं विचारायच्या. संध्याकाळी घरी आली की ताई पाय धुऊन कोपऱ्यात बसायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायची नाही.

पाच जण बघून गेले. खोल्या लहान आहेत, असं पाचही जण म्हणाले, आणि एवढं घर सोडलंत कशाला, असंही पाचही जणांनी विचारलं. संक्रांत झाल्यावर एकदा बाबांना भात वाढता वाढता ताई म्हणाली, "आता एकदाच जाईन. तेव्हाही विकलं गेलं नाही तर पडू दे ते घर. मला नका सांगू."

ताई एकच गोष्ट दोनदा सांगत नाही. बाबा आमटी न घेता तसाच भात खाऊन उठले.

डिसेंबरात मी वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली होती की उभं राहून नीट बोललं की कोणालाही काहीही पटवता येतं. दिवाळीत मामाकडे न्यू पनवेलला गेले होते तेव्हा तिथे एका नव्या बिल्डिंगमध्ये सँपल ब्लॉक पाहिला होता. कोणी राहत नाही, पण पलंगावर चादर, टेबलावर फुलदाणी, भिंतीवर घड्याळ. आम्ही उगीचच बघायला गेलो होतो, तर मामीला तिथून निघवेना.

तर मी उभी राहिले आणि घरातल्यांना पटवलं. रिकाम्या खोलीत पलंग मावेल की नाही हे माणसाला कळत नाही, म्हणून खोली लहान वाटते. आवाज घुमतो, म्हणून घर भकास वाटतं. सामान मांडू, मग बघा. बाबा म्हणाले, ही फसवणूक नाही का? मी म्हटलं, "मुलगी दाखवतात तेव्हा तिला चांगली साडी नेसवतातच ना?"

बोलून गेले आणि मग कळलं की ताई समोरच भाजी निवडतेय. तिने मान वर केली नाही.

आई म्हणाली, सामान आणायचं कुठून? सगळे एकाच ठिकाणी बघायला लागले. आमच्या बाहेरच्या खोलीची एक भिंत आठ महिने झाकलेली होती. लोखंडी कपाट, खोलून ठेवलेला सागवानी पलंग, प्लास्टिकमधली गादी, भांड्यांची दोन खोकी, आणि वरून जुनी चादर. ताईच्या लग्नाचं सामान. ते विकायचं धाडस आईला होत नव्हतं, वापरायचं कोणालाच होत नव्हतं. आम्ही त्याला वळसा घालून मोरीत जायचो.

"न्या," ताई म्हणाली. "घर मांडायलाच घेतलंय ना ते?"

रविवारी काळुरामचा टेम्पो केला. बाबांची पहिली पाळी होती, म्हणून मी आणि ताई. फ्लोराबाई चावी घेऊन दारातच उभ्या होत्या. बाई पेणच्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झाल्या. त्या बेने इस्रायल समाजातल्या; त्यांचे भाऊ, बहिणी, पुतणे सगळे इस्रायलला गेले, बाई एकट्या राहिल्या. कपाट उतरवताना बघून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मृणाली, आमच्या माणसांची सात घरं रिकामी होऊन विकली गेलेली मी बघितलीत," त्या म्हणाल्या. "रिकामं घर रिकामंच दाखवावं. सामान ठेवलं की लोक घराला सोडून सामानाला प्रश्न विचारतात."

मी हो बाई, हो बाई म्हणत कपाट आत न्यायला लावलं. आतल्या खोलीच्या भिंतीवर दर पावसाळ्यात ओलीचा मोठा डाग उठतो, मी कपाट बरोबर त्याच्यापुढे उभं केलं. पलंग जोडला. गादीचं प्लास्टिक मी दातांनी फाडलं. स्वयंपाकघरात फळीवर भांडी लावली, ताटं मागे, वाट्या पुढे, पेले ओळीत. पिंप भरलं. आणि खरंच सांगते, घर मोठं दिसायला लागलं. कोणी तरी आत्ताच जेवून उठलंय असं. मी ताईला हाक मारली, बघ तरी. ती पायरीवर बसून होती, आत आली नाही.

अकराच्या सुमारास हैबतराव आणि त्यांच्या आई काशीबाई आले. वडखळच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव, घरचा मिठागराचा धंदा. हैबतरावांना पेणला नोकरी लागली होती, बायको-मुलांना इथे आणायचं होतं. त्यांना घर लगेच आवडलं. पलंग कसा बसलाय बघ आये, आपलापण असाच बसेल, असं ते दोनदा म्हणाले. काशीबाई पदर कमरेला खोचून भिंतीवर हात फिरवत फिरत होत्या. स्वयंपाकघरात त्यांनी पाणी मागितलं. मी फळीवरचा पेला घेऊन भरून दिला.

त्या पाणी प्यायल्या. मग पेला फिरवून त्यांनी त्याच्या अंगावर अंगठा फिरवला.

"काय लिवलंय गो यावर?"

भांडी घेतली की दुकानातच त्यांवर नावं घालून घ्यायची, ही रीत कोणाला माहीत नाही? मला पण माहीत होती. लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. मी ती सगळी राखेने घासून लख्ख करून फळीवर लावली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

मी म्हटलं, "शांतीआत्याकडून, असं आहे."

"येवढंच?" काशीबाईंनी अंगठा पुन्हा फिरवला. "मना वाचता येत नाय, पोरी. पन रांगा तीन हायेत."

तालुक्यात पहिली आलेली मी. पिंपाचं झाकण नीट बसवायला लागले. हैबतराव पेला घ्यायला पुढे झाले, तेवढ्यात ताई आत आली. तिने पेला काशीबाईंच्या हातातून घेतला आणि वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, सावकाश.

"चि. सौ. कां. नमिता हिच्या शुभविवाहानिमित्त शांतीआत्याकडून. सात पाच पंच्याण्णव." मग म्हणाली, "नमिता मी. लग्न झालं नाही. तीन दिवस आधी मोडलं. हे सगळं सामान त्याच लग्नाचं आहे, इथे कोणी राहत नाही. आज सकाळी टेम्पोने आणलं, तुम्हाला घर भरलेलं दिसावं म्हणून."

हैबतराव आईकडे बघायला लागले. ताई थांबली नाही. आतल्या खोलीत गेली, कपाटाला खांदा लावला, आणि ते कुरकुरत एक हात सरकलं.

"आणि इथं ओल येते. दर पावसाळ्यात."

मला वाटलं, संपलं. मोडलेल्या लग्नाच्या घरात सून कोण आणणार? हैबतराव हळूच म्हणालेही, आये, निघूया का. काशीबाई डागाजवळ वाकून बसल्या होत्या. नखाने पोपडा काढून बोटात चुरून बघत होत्या.

"हे समदं भायेर काढा," त्या म्हणाल्या. "मना घर बघू द्या."

काळुराम, हैबतराव, मी आणि ताई, चौघांनी मिळून सगळं बाहेर काढलं. भर दुपारी, सगळ्या आळीदेखत. पलंग, गादी, कपाट, भांडी अंगणात उन्हात. बायका दारात आल्या, काहींनी तोंडावर पदर घेतला. कोणी काही विचारलं नाही, विचारायला राहिलंच काय होतं? ताईने शेवटचं खोकं स्वतः उचलून आणलं. फ्लोराबाई त्यांच्या ओट्यावरून उतरून तिच्या शेजारी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

काशीबाई रिकाम्या घरात बराच वेळ एकट्या होत्या. मधूनच त्यांच्या खोकल्याचा आवाज घुमायचा. बाहेर आल्या तेव्हा हात चुन्याने पांढरे झाले होते.

"वलीची भीती मिठागरातल्या मानसाला घालू नका," त्या म्हणाल्या. "कुठून येते ती दिसली म्हंजे थांबवता येते. घर आमी घेतो. वलीचे पैशे कमी करून घेतो, ते तुज्या बापाशी बोलंल हैबत." मग ताईकडे वळल्या. "भांड्यावर त्याचं नाव हाय का गो?"

"नाही. माझंच."

"मंग वापर की."

एवढंच म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. ताईने घराला कुलूप लावलं आणि चावी फ्लोराबाईंना न देता हैबतरावांना दिली. मला वाटलं, आधी बाबांना विचारायला हवं होतं. पण मी काही म्हटलं नाही. त्या दिवशी माझं बरंच काही म्हणून झालं होतं.

टेम्पो भरताना पलंग परत खोलायला काळुरामला कंटाळा आला. तसाच चढवला, वर गादी, बाजूला कपाट दोरीने बांधलेलं. पुढे जागा असून ताई मागेच बसली, म्हणून मीही. वडखळ मागे पडेपर्यंत मी माफी कशी मागायची ते मनात जुळवत होते. चांगली चार वाक्यं जुळली होती. मान वळवली तर ताई गादीवर आडवी झाली होती, हात उशाला, तोंड उघडं, आणि गाढ झोपली होती. कासूच्या फाट्यापाशी खड्डा आला, टेम्पो आदळला, तरी तिला जाग आली नाही.

कपाटाची दोरी सैल झाली होती. ते तिच्या अंगावर येऊ नये म्हणून मी त्याला पाठ लावून बसले, रोह्यापर्यंत.