तिन्ही घरी नांदणारा ग्राफिक्स ड्रायव्हर

“घर कोणाचंही असो, मिळालेला कोनाडा आधी आपल्या हाताने पुसून घ्यायचा, मगच दिवा ठेवायचा.” मला घडवणाऱ्या रंजनाताईंनी हे सांगत माझी पहिली ओळ लिहिली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुना ग्राफिक्स ड्रायव्हर आहे. तुम्ही संगणकावर फुलपाखरू रंगवता, ते पडद्यावर उमटवण्याचे निरोप चित्र काढणाऱ्या कार्डाला मी पोचवतो. ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाच्या घरची कारभारीण. प्रत्येक घरची रीत निराळी, म्हणून बहुतेक ड्रायव्हर एकाच घरी राहतात. मी मात्र देवाच्या कृपेने तीन घरी नांदतो! घरोघरच्या रीती ताईंनी ‘उंबरठा’ नावाच्या एका छोट्या फाइलीत ठेवल्या. आत मी सगळीकडे सारखाच. माझी एक ओळ जरी बदलली, तरी ताई मला तिन्ही घरी चालवून पाहत आणि मगच जेवायला उठत.

एकदा ताई पंधरा दिवस रजेवर गेल्या. ताईंच्या हाताखाली काम करणारा हर्षद मला वेगवान करायला बसला. चित्रासाठी मिळालेली मेमरीतली जागा आधी पुसण्याची ती पहिली ओळ त्याला दिसली.

“हे घर जागा पुसूनच देतंय, मग परत कायकू पुसायचं?” असे म्हणत त्याने ती काढून टाकली. एकाच घरी मला चालवले. मी सुसाट धावलो. ऑफिसात वाहवा झाली, गुरुवारी बिर्याणी ठरली.

त्याच आठवड्यात नल्लकुंटा वस्तीतल्या भाग्यलक्ष्मी टीचर मला पेनड्राइव्हवर आपल्या शाळेत घेऊन गेल्या. तिथे नऊ जुने संगणक होते, इंटरनेट नव्हते आणि घर तिसरे होते. ते घर जागा देते, पण आधीच्याचा पसारा तसाच ठेवून. मी न पुसता चित्र मांडले आणि पडद्यावर नुसत्या रेघोट्या आणि लाल ठिपके उठले.

टीचरांचा फोन आला; तेलुगू रीतीने त्या नावापुढे आदराने ‘गारू’ लावत. “हर्षदगारू, पोरं म्हणतात, कंप्युटरला गोवर आला! हसू नका हो. शुक्रवारी भंगारवाला येतोय. हे चाललं नाही तर आमचा वर्गच बंद.”

हर्षदचा चेहरा उतरला. “त्याच्या आत मी स्वतः येतो, टीचर. नऊच्या नऊ चालू करून देतो.”

बुधवारी ताई परतल्या. त्याने सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “एका घरी चालला, म्हणून तिन्ही घरचा झाला का रे हा?”

“नक्को अक्का, आणखी लाजवू नका.”

त्याने ती ओळ परत लिहिली आणि मला तिन्ही घरच्या संगणकांवर चालवले. माझा वेग थोडा उतरला, पण मान ताठ झाली. वाहवा मिळवणारे पुष्कळ असतील. परक्या घरी निर्मळ चित्र काढणारा मी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मित्रांनो, आमचे काम नीट चालले की आम्ही कोणाला दिसत नाही. म्हणून एवढेच मागणे: एखादी गोष्ट बिनकामाची वाटली, तर ती काढण्याआधी कोणासाठी ठेवली होती, ते विचारा. तुम्हाला नको असली, तरी ती दुसऱ्या कोणाचा आधार असू शकते.

गुरुवारी दुपारी ऑफिसात बिर्याणीचे डबे उघडत होते. माझ्या वेगाची तारीफ अजून चालूच होती. हर्षदने मला घेतलेला पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला, खिशावरून एकदा हात फिरवला आणि शाळेकडे निघायला हेल्मेट उचलून जिना उतरू लागला.